कडाक्याच्या थंडीत घरात अडकलेलं दीड ते तीन वर्षांचं मूल: दिवस कसा लावायचा?

हिमरेषा

मिनेसोटा, शिकागो, टोरांटो, विनिपेग या पट्ट्यातल्या पालकांसाठी हा धागा काढते आहे. वाऱ्यासकटची थंडी उणे २८ सेल्सिअसच्या खाली गेली की उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, आणि या वयाची मुलं हातमोजे काढून फेकतात. त्यामुळे अशा दिवशी बाहेर जाणं नाहीच. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे दुपारची झोप झाल्यावरचा सगळा वेळ घरातच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शन काढलं. त्यात एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे. बाबागाडीत किंवा उंच खुर्चीत एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नये, एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नको आणि दोन वर्षांच्या मुलाला फार तर एक तास, असंही त्यात आहे. तीन तास हालचाल दोन खोल्यांत बसवायची, हा खरा प्रश्न आहे.

'टॉडलरसाठी ५० उपक्रम' छापाच्या याद्या इथे फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण त्यातले बहुतेक बैठे असतात. ज्या मुलाचे हातपाय अजून मोकळे झालेले नाहीत ते रंगांपाशी दोन मिनिटं बसतं आणि ब्रश फेकून देतं. क्रम उलटा लावायला हवा. आधी १५-२० मिनिटं अंगमेहनत (ढकलणं, ओढणं, चढणं, उचलणं), मग पाणी किंवा माती-पिठाचा खेळ, मग खाणं, मग शांत काहीतरी. हेच चक्र सकाळी एकदा आणि झोपेनंतर एकदा. चारनंतरचा वेळ सगळ्यात अवघड असतो, म्हणून चांगल्यातली चांगली गोष्ट तेव्हासाठी राखून ठेवायची. सकाळीच संपवायची नाही.

अंगमेहनतीसाठी माझी पहिली पसंती कपड्यांच्या प्लास्टिकच्या टोपलीला. तिच्यात दोन किलो तांदळाची बंद पिशवी आणि एखादी उशी ठेवा आणि मुलाला ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलत न्यायला सांगा. ११-१२ किलोच्या मुलाला दोन-तीन किलो वजन योग्य होतं. टोपली रिकामी असली तर मूल तिच्यासकट धावतं आणि तोंडावर पडतं, वजनामुळे वेग आपोआप कमी होतो. ओढायला दोरी लावायची असेल तर ३० सेंटीमीटरपेक्षा लांब नको आणि तिला गळफासासारखी गाठ नको. गालिच्यावर ढकलणं जड जातं, तिथे वजन एक किलोवर आणा. दर फेरीला काहीतरी पोचवायचं असलं की खेळ टिकतो: बटाटे स्वयंपाकघरात, मोजे कपाटात, पुस्तकं पलंगावर.

तुमच्याकडे काय चालतं ते मापांसकट लिहा. काय फसतं आणि का फसतं, तेही लिहा.

तिसरा_मजला

उत्तम धागा. क्रमाबद्दल शंभर टक्के सहमत.

अपार्टमेंटवाल्यांसाठी आवाजाचा मुद्दा. इकडच्या बऱ्याच इमारतींचा सांगाडा लाकडी असतो, त्यामुळे उडी मारल्याचा धक्का थेट खालच्या छतावर जातो. पातळ गालिचा टाकून पावलांची टकटक कमी होते, उडीचा धक्का नाही. धक्क्यासाठी जाडी लागते. १२ मिलिमीटरच्या कोड्याच्या फोम-चटया चालण्यापुरत्या ठीक. उड्या मारायच्या जागी ४-५ सेंटीमीटर जाडीची घडीची जिम्नॅस्टिक चटई आणि तिच्याखाली रबराची जाळीदार चटई घालावी. सगळ्या घरात अंथरायची गरज नाही. १२० बाय १८० सेंटीमीटरचा एक तुकडा पुरतो, पण उड्या फक्त तिथेच, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. चटई भिंतीला चिकटवून ठेवू नका, भिंतीपासून निदान एक हात सोडा. खाली कोणाची झोपायची खोली असेल तर ती जागा टाळा. अशा इमारतींत सहसा वरखाली खोल्यांची रचना सारखीच असते, म्हणून तुमच्या बैठकीच्या खोलीखाली त्यांचीही बैठकीची खोली येते.

दोन्ही पायांनी जमीन सोडून उडी मारणं बहुतेक मुलांना अडीच वर्षांच्या आसपास जमतं. त्याआधी चिकटपट्टीचा लंगडीचा पट आखणं व्यर्थ आहे, मूल त्यावरून नुसतं चालत जातं. दीड-दोन वर्षांसाठी रेषा आखा: दोन मीटरची एक सरळ, एक नागमोडी, एक शिडी (पायऱ्यांत २५ सेंटीमीटर अंतर). सरळ रेषेवरून गाडी न्यायची, नागमोडीवरून टोपली ढकलायची, शिडीत प्रत्येक घरात एक मोजा ठेवायचा.

पट्टी निळी, रंगाऱ्यांची घ्या. साध्या पॅकिंगच्या पट्टीचा गोंद फरशीवर राहतो. निळी पट्टीही गरम हवेच्या झडपेजवळ किंवा बेसबोर्ड हीटरपाशी (भिंतीच्या तळाशी बसवलेला लांबट हीटर) लावू नका. उष्णतेने गोंद पक्का होतो आणि काढताना लाकडी फरशीचं पॉलिश निघतं. आठवड्यात काढून नवी लावावी. काढताना ४५ अंशात, सावकाश.

मेथीची_जुडी

खेळणी विकत घेण्याआधी स्वयंपाकघर वापरा. दोन वर्षांच्या मुलाला आपलं काम हवं असतं, कामाची नक्कल करणारं खेळणं पाच मिनिटांत कळून चुकतं.

मेथी किंवा कोथिंबीर निवडणं हे या वयाला सगळ्यात चांगलं बसतं. पानं ओढली की तुटतात, सुरी लागत नाही, तोंडात गेलं तरी घाबरायचं कारण नाही. जुडी आधी आपण धुवून, झटकून, देठांचे जाड भाग कापून घ्यायचे. मुलापुढे दोन भांडी: एक पानांचं, एक देठांचं. देठ पानांत जाणारच, तो हिशोब धरून त्या दिवशी भाजीऐवजी पराठे करा. मटार सोलायला मात्र तीन वर्षांखाली देऊ नये, अख्खा कच्चा दाणा घशात अडकायच्या मापाचा असतो. लसूणही नको, त्याच बोटांनी डोळे चोळले जातात.

बाकी कामं: धुतलेल्या वाट्या आणि चमचे वेगळे करणं, उकडलेला बटाटा हाताने कुस्करणं (कोमट झाल्यावर, परातीत), रवीने ताक घुसळणं. ताकासाठी भांडं उंच आणि अरुंद घ्या, अर्ध्याखाली भरा, आणि भांडं ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही. दही एक वाटी, पाणी दोन वाट्या. जास्त घट्ट असेल तर रवी फिरत नाही आणि मूल कंटाळतं.

उंचीसाठी स्टुलावर उभं करू नका. बाजूंना कठडा असलेला उभं राहायचा मनोरा मिळतो तो घ्या, नाहीतर सरळ जमिनीवर चादर अंथरून पूर्वीसारखं खाली बसून काम करा. मला दुसराच पर्याय जास्त पटतो. पडायला उंचीच राहत नाही.

साखरपेरणी

माझा प्रश्न दीड वर्षाच्या वयाबद्दल. सगळं तोंडात जातं, त्यामुळे तांदूळ-डाळीचे खेळ धोक्याचे वाटतात. सुरुवात कशापासून करावी?

भौतिकोपचार

साखरपेरणी, तुमची काळजी रास्त आहे. आधी माप सांगते. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या खेळण्यांच्या सुट्या भागांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरून चाचणी होते. नळीत पूर्ण मावणारी वस्तू या वयाला नको. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी वापरतात. तिचा व्यास थोडा जास्त, चार सेंटीमीटरच्या आसपास असतो, म्हणजे चूक झाली तर सुरक्षित बाजूला होते.

पण कडधान्यांचा धोका घशापुरता नसतो. हरभरा, वाटाणा, राजमा नाकात गेला की ओलाव्याने फुगतो आणि मग घरी काढता येत नाही. चिमटा घालून आणखी आत ढकलला जातो, म्हणून प्रयत्न न करता दवाखान्यात जावं. कच्चा राजमा तर विषारीही आहे. दोन वर्षांखाली कोरड्या धान्याचा टब करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. काहीजण मका पिठाचा मऊ गोळा सुचवतात, तोही ओल्या स्वरूपातच.

दीड वर्षासाठी भरायला चुरमुरे. तोंडात विरघळतात, हलके असतात, ओतताना आवाज येतो. ३० बाय २० सेंटीमीटरच्या उथळ डब्यात २०० ग्रॅम चुरमुरे काठोकाठ होतात, त्याच्या निम्मे घ्या. त्यात दाणे किंवा डाळं मिसळलेलं नाही हे बघून घ्या. डाव, पळी, स्टीलच्या दोन वाट्या आणि इडलीपात्राची एक ताटली द्या. इडलीपात्र फार चांगलं, प्रत्येक खळगा भरायचा असल्याने खेळाला शेवट मिळतो. ज्या खेळाला शेवट नाही तो फेकाफेकीवर संपतो.

दोन वर्षांनंतर, तोंडात घालणं थांबलं असेल तर तांदूळ. त्याच डब्यात दीड किलो तांदूळ घातले की सुमारे तीन सेंटीमीटर थर होतो. त्याहून जास्त भरू नका, पहिल्याच ढवळण्यात बाहेर येतात. नरसाळ्याची नळी एक सेंटीमीटरची असली की तांदूळ अडकतात आणि मूल चिडतं. दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा धरला की दोन सेंटीमीटरचं तोंड मिळतं, त्यातून सुरळीत पडतात. कापलेल्या कडेला पट्टी लावा. खाली जुनी दुहेरी चादर, डबा बरोबर मध्यावर. संपलं की चार कोपरे उचलायचे आणि तांदूळ परत डब्यात. लाकडी किंवा व्हिनाइलच्या फरशीवर सांडलेला तांदूळ घसरतो, तो लगेच गोळा करावा.

पाण्यात फुगणारे रंगीत मणी कुठल्याही वयाच्या लहान मुलाच्या घरात नकोत. गिळले तर आतड्यात फुगतात आणि अडथळा होतो, आणि एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत. २०२३ च्या शेवटी अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी मुलांसाठीचे असे मणी विकणं बंद केलं, पण मोठ्या भावंडांच्या जुन्या संचात अजून सापडतात. फुगेही नकोत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला चिकटून बसतो. फेकाफेकीसाठी मोज्यांचे गोळे करा, लागतही नाहीत.

अवकाळी

मळायच्या गोळ्याची कृती देतो. न शिजवलेल्या कृतीपेक्षा शिजवलेली कितीतरी जास्त टिकते.

मैदा १ कप, मीठ अर्धा कप (बारीक), क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पूड) २ छोटे चमचे, तेल १ मोठा चमचा, पाणी १ कप, खायचा रंग ५-६ थेंब. कप म्हणजे २४० मिलिलिटरचा. पाण्यात आधी मीठ, रंग आणि तेल घालून मीठ विरघळेपर्यंत गरम करा. मग आच मध्यम करून मैदा आणि क्रीम ऑफ टार्टर एकदम घाला आणि लाकडी उलथन्याने ढवळत राहा. तीन ते पाच मिनिटांत पिठल्यासारखं घट्ट होऊन कडा सोडायला लागतं. गोळा झाला की ताटलीत काढा, हाताला सोसेल इतपत गार झाल्यावर दोन मिनिटं मळा.

चिकट राहिला तर कमी शिजलाय, परत कढईत एक मिनिट. भेगा पडल्या तर जास्त शिजलाय, ओल्या हाताने मळा, वरून पाणी ओतू नका. पांढरे कण दिसले तर मीठ विरघळलं नव्हतं, त्याला इलाज नाही. गरम गोळा डब्यात बंद केला की आत पाणी सुटून दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होतो, म्हणून पूर्ण गार झाल्यावरच बंद करा. क्रीम ऑफ टार्टर नसेल तर लिंबाचा रस दोन मोठे चमचे, पण तेवढा मऊपणा येत नाही.

यात मीठ भरपूर आहे. चाटून मूल स्वतःच थुंकतं, पण मूठभर गिळू देऊ नका. घरात कुत्रा असेल तर गोळा त्याच्या पोहोचेबाहेर ठेवा, कुत्र्यासाठी एवढं मीठ जीवघेणं ठरू शकतं.

मेथीची_जुडी

अवकाळी, पोळ्यांची कणीक असताना एवढा खटाटोप कशाला? लिंबाएवढा गोळा, छोटं पोळपाट-लाटणं, चिमूटभर पीठ. झालं.

अवकाळी

ताई, पोळपाटाला माझा विरोध नाही, पण दोन गोष्टी. कणीक गरम हवेच्या घरात अर्ध्या तासात सुकते आणि गालिच्यात रुतून बसते. दुसरं म्हणजे कच्चं पीठ तोंडात जाऊ नये. २०१६ मध्ये अमेरिकेत आणि २०१७ मध्ये कॅनडात ई. कोलाय सापडल्यामुळे पिठाच्या पिशव्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या होत्या. पीठ घरी भाजून जंतू नक्की गेले याची खात्री देता येत नाही. तीन वर्षांच्या मुलाला 'खायचं नाही' समजतं, दीड वर्षाच्या मुलाला नाही. म्हणून मोठ्याला कणीक, लहानाला शिजवलेला गोळा. मोठ्याने लाटलेलं तव्यावर नीट भाजून त्यालाच खायला द्या, तो आनंद वेगळाच.

मेथीची_जुडी

हे मान्य. भाजलेली वेडीवाकडी पोळी त्याने स्वतः खाणं हाच मुद्दा आहे.

हिमरेषा

पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मीच लिहिते. थंडीत पालक पाणी टाळतात, पण कंटाळलेल्या मुलाला त्यासारखं दुसरं काही नाही.

सर्वात सोपा प्रकार: ओव्हनची मोठी ट्रे, खाली टॉवेल, ट्रेमध्ये एक सेंटीमीटर कोमट पाणी, दोन वाट्या आणि मुठीत मावेल असा कापलेला स्पंज. स्पंज बुडवायचा, दुसऱ्या वाटीत पिळायचा. पिळण्याने बोटांत ताकद येते. स्पंज फार लहान कापू नका, चावून तुकडा तोडतात. बाह्या कोपरावर गुंडाळा किंवा अर्ध्या बाह्यांचा सदरा घाला, ओली बाही अंगावर राहिली की मूल गारठतं आणि खेळ तिथेच संपतो.

पाण्याने चित्र: जाड पुठ्ठा किंवा पाटी, रुंद ब्रश, वाटीत पाणी. हीटर चालू असलेल्या घरातली हवा इतकी कोरडी असते की काढलेलं काही मिनिटांत वाळून जातं आणि पाटी पुन्हा कोरी. आवरायला काहीच नाही.

बाहेर जाता येत नसेल तर बर्फ आत आणा. ताजा, वरच्या थराचा बर्फ घ्या. रस्त्याच्या किंवा पायवाटेच्या कडेचा नको, त्यात मीठ आणि रसायनं असतात. परातीत भरा, खाली दोन टॉवेल, मुलाच्या हातात पाणी न शिरणारे हातमोजे. औषधाच्या ड्रॉपरने रंगीत पाणी सोडायचं, १०० मिलिलिटरला रंगाचे ४-५ थेंब. हळद वापरू नका, ओट्याचे डाग निघत नाहीत. वीस मिनिटांत बर्फाचा चिखल होतो, मग त्यात कप आणि गाळणी.

मका पिठाचं घट्ट-पातळ मिश्रणही छान: दोन भाग कॉर्नफ्लोअर, एक भाग पाणी. दाबलं की कडक, सोडलं की वाहतं. हे मोरीत ओतू नका, पाइपात तळाशी बसून घट्ट होतं. वाळू द्या, मग खरवडून कचऱ्यात.

आंघोळीच्या टबात खेळणार असेल तर पाणी ५-७ सेंटीमीटर, तापमान ३७-३८ अंश, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर, पूर्ण वेळ. फोन वाजला तर मुलाला उचलून घेऊन जायचं. घरच्या गीझरचं तापमान ४९ अंशांवर ठेवा, मुलं नळ फिरवायला फार लवकर शिकतात.

नोएडाकर

इथे थंडी उणेपर्यंत जात नाही, पण नोव्हेंबर ते जानेवारी मुलं घरातच असतात, हवेमुळे. हवेच्या भारतीय निर्देशांकात (एक्यूआय) ३०१ ते ४०० 'अत्यंत खराब' आणि ४०१ च्या पुढे 'गंभीर'. अशा दिवशी धावपळीचे खेळ घरातही बेतानेच, कारण धावताना श्वास जास्त घेतला जातो आणि खिडक्या बंद असल्या तरी धूळ फटींतून येतेच. एक खोली निवडा, दाराखालच्या फटीत टॉवेल, हवा शुद्ध करणारं यंत्र तिथेच चालू ठेवा आणि अंगमेहनतीचा भाग त्या खोलीत करा. उदबत्ती, धूप, तळण ही तीन कामं त्या वेळात नकोत, घरातले कण याच गोष्टींनी झपाट्याने वाढतात. झाडण्याऐवजी ओलं पुसा. मैदा, रांगोळी, टाल्कम पावडर यांचे उडणारे खेळ टाळा, पाणी आणि मळलेला गोळा चालतो.

दिल्ली-नोएडात थंडीत अंगीठी किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत लावली जाते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लहान मूल असलेल्या घरात तर कोणत्याही कारणाने लावू नये. तेलाचा विजेचा रेडिएटर बरा, पण मुलापासून तीन फूट लांब आणि समोर काहीतरी अडसर हवा.

तिसरा_मजला

नोएडाकरांच्या हीटरच्या मुद्द्याला जोड. इकडच्या विजेच्या बेसबोर्ड हीटरसमोर ३० सेंटीमीटर जागा मोकळी लागते. तंबू, बोगदा, उशांचा डोंगर करताना हे विसरलं जातं.

आणि कपाटं भिंतीला बांधा. आजच. थंडीत मूल चढाईला कपाटाचे खण वापरतं, उघडलेले खण पायऱ्या होतात आणि कपाट पुढे येतं. साध्या जिप्समच्या भिंतीत नुसता स्क्रू धरत नाही, आतला लाकडी खांब शोधा. ते सहसा १६ इंचांवर असतात. टीव्हीही बांधायचा. पडद्यांच्या दोऱ्या वर गुंडाळून हुकाला अडकवा.

बोगद्यासाठी सामान हलवायचे मोठे खोके, साधारण ४५ बाय ४५ बाय ६० सेंटीमीटरचे दोन-तीन. दोन्ही टोकं उघडून झापा एकमेकांत चिकटवा, स्टेपलच्या पिना उपटून टाका. मधल्या खोक्याला वर हातभर खिडकी कापा. तिच्याशिवाय लहान मूल मध्यावर घाबरून थांबतं, आणि आपल्यालाही ते दिसत नाही.

दूरची_मावशी

स्क्रीनबद्दल. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलला बालरोगतज्ज्ञ इतर स्क्रीनसारखं धरत नाहीत, समोर खरं माणूस उत्तर देत असतं. हिवाळ्यात भारत मिनिआपोलिसच्या साडेअकरा तास आणि टोरांटोच्या साडेदहा तास पुढे असतो. म्हणजे मिनिआपोलिसला सकाळी आठ तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात. ही वेळ दोघांनाही सोयीची.

नुसतं 'हाय कर, पापी दे' म्हणून मूल थांबत नाही. आजीला काम द्या. ती म्हणणार, 'तुझी वाटी आणून दाखव', मूल पळत जाऊन आणणार, मग 'आता बाबाचा मोजा'. हा खेळ पंधरा मिनिटं सहज चालतो आणि धावणंही होतं. फोन हातात धरू नका. जमिनीपासून ६०-७० सेंटीमीटर उंचीवर, भिंतीला टेकवून, थोडा मागे ठेवा, म्हणजे अख्खी खोली दिसते आणि मूल लाल बटण दाबायला जात नाही. आजीकडे ओळीने सहा-सात वस्तू आधीच ठरलेल्या असाव्यात. मराठी शब्द कानावर पडण्याचा हा सगळ्यात चांगला रस्ता, कारण शब्दाबरोबर वस्तू हातात येते.

तिळवण

जानेवारीचा विषय आहे तर बोरन्हाण विसरू नका. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, घरात करता येतं, आणि दोन-तीन घरची मुलं एकत्र येतात. पण पारंपरिक सामान जसंच्या तसं या वयाला चालत नाही. बोरांत बी, हरभऱ्यांचे दाणे, उसाचे करवे, हलवा, गोळ्या: यातली प्रत्येक गोष्ट घशात अडकू शकते, आणि डोक्यावरून पडल्यावर सगळी मुलं ती वेचून तोंडातच घालतात. पॉपकॉर्न हा सोपा पर्याय वाटतो, तोही चार वर्षांखाली नको. मार्शमेलोही नको.

ओतायला निव्वळ चुरमुरे, एका मुलामागे अर्धा किलो पुरे. रंगासाठी त्यात कापडाच्या मोठ्या चिंध्यांची फुलं किंवा मोज्यांचे गोळे. बोरं, हरभरे, ऊस औक्षणाच्या ताटात ठेवा आणि मोठ्यांना वाटा. हलव्याचे दागिने फोटोपुरते घालून लगेच काढा. एक तर दोरा गळ्यात असतो, आणि दुसरं म्हणजे हलवा सुटतो. नवीन करणार असाल तर दीड वर्षाच्या मुलाला फक्त मुकुट आणि बाजूबंद करा, हार नको. ओतताना उंचीवरून नको, डोक्याच्या वीतभर वरून, सुपातून किंवा छोट्या टोपलीतून हळूहळू. काही मुलं घाबरतात. आधी बाहुलीला घालून दाखवलं की बहुतेकदा स्वतः पुढे येतात.

खाली दोन चादरी, एकमेकींवर. चुरमुरे नंतर फेकू नका, स्वच्छ चादरीवरचे डब्यात भरून वर भौतिकोपचार यांनी सांगितलेल्या खेळाला वापरा.

भौतिकोपचार

तिळवण यांची यादी जपून ठेवण्यासारखी आहे.

कोरड्या हवेबद्दल थोडं. घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांमध्ये असावी, साधा मापक स्वस्तात मिळतो. कमी झाली की नाकातून रक्त, खाज, रात्री उठणं, आणि दुसऱ्या दिवशी मूल चिडचिडं. फार कडक थंडीत खिडक्यांवर पाणी साचायला लागलं तर आर्द्रता थोडी खाली आणा, नाहीतर चौकटीत बुरशी येते. यंत्र गार वाफेचं घ्या, गरम वाफेच्या यंत्राने मुलं भाजतात. टाकीतलं पाणी रोज बदला.

पावशी

घराबाहेर पण आत: हवा बरी असेल तेव्हा. टोरांटोत ॲलन गार्डन्सचं हरितगृह आणि सेंट पॉलमध्ये कोमो पार्कचं हरितगृह, दोन्ही ठिकाणी प्रवेश फुकट, आत उबदार दमट हवा आणि चालायला मोकळे रस्ते. शिकागोत गारफील्ड पार्कचं हरितगृह. ऑन्टारिओत अर्लीऑन केंद्रं सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मोफत आहेत, पालकाने बरोबर थांबायचं असतं. मिनेसोटात शाळा-जिल्ह्यांचे ईसीएफई वर्ग (लहान मुलं आणि पालक यांचे एकत्र वर्ग) असतात, फी उत्पन्नाप्रमाणे ठरते.

गाडीतून नेताना जाडजूड बर्फाचा सूट घालून कार सीटचा पट्टा बांधू नका. धक्क्यात आतला कापूस दबतो आणि पट्टा सैल पडतो. पातळ लोकरी थर, पट्टा घट्ट, वरून पांघरूण.

साखरपेरणी

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं विचारते: खेळणी किती बाहेर ठेवावीत? सगळी समोर असली की एकाशीही खेळत नाही.

हिमरेषा

आठ-दहा पुरेत. उरलेली चार खोक्यांत भरून मुलाच्या नजरेआड ठेवा आणि दर रविवारी रात्री, ते झोपल्यावर, एक खोकं अदलाबदल करा. प्रत्येक खोक्यात निदान एक ढकलायचं, एक रचायचं, एक ओतायचं आणि एक बाहुली किंवा प्राणी असावा. रोजची लाडकी वस्तू या फेऱ्यात घालू नका, ती कायम बाहेर. आणि एखाद्या उपक्रमाच्या मांडामांडीला खेळापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तो बिनदिक्कत यादीतून काढा. दोन वर्षांचं मूल एका जागी पाच ते दहा मिनिटं रमलं तरी पुष्कळ झालं.